मध्ये पडायचं नाही

माणसाने माणसाकडे बघितलं, आणि तिथे ज्ञानाचा जन्म झाला! दृश्य मानवशास्त्राच्या बाईंनी हे आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याला डोळा लावून सांगितलं. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं होतं.

बाईंचा नियम एकच. संशोधकाने बघायचं, मध्ये पडायचं नाही. वर्षअखेरची फिल्म या नियमात बसली तर पीएच.डी.ची जागा पक्की, नाहीतर घरी.

विद्यार्थ्यांतल्या एका उंच, किडकिडीत मुलाला सगळे तिपाई म्हणत. तो पत्ता विचारायला एका फोटोफ्रेमच्या दुकानात शिरला आणि फिल्मचा विषय घेऊन बाहेर पडला. विषय टेबलामागे काच कापत होता. विषयाच्या कपाळावर घामाने एक बट चिकटली होती.

"माझ्यावर फिल्म? अहो, माझ्यात बघण्यासारखं काय आहे?"

"तेच... अभ्यासायचंय."

"मग कान का लाल झालेत?"

"कान माझ्या अभ्यासात येत नाहीत."

आठवडाभर ती मुलगी काम करता करता हळूच त्याच्याकडे बघायची, आणि तो घाईघाईने फोकस नीट करायचा. फोकस नीटच होता.

एके दिवशी ती माळ्यावरून फ्रेमा काढत असताना शिडी सरकली.

"अहो, धरा!"

"मला — मध्ये नाही पडता येत..."

"अहो! अरे, धर ना मेल्या!"

तो धावला. तोवर ती पुठ्ठ्यांच्या ढिगावर पोचली होती, कोपर खरचटून.

"तू मध्ये पडला नाहीस म्हणून मी खाली पडले! चालता हो!"

'अहो'चं 'अरे' झालं होतं. पण ते लक्षात यावं अशा मनःस्थितीत दोघंही नव्हती. ती फणकाऱ्याने आत कोपर धुवायला गेली.

बाईंच्या वर्गात फिल्म दाखवताना तिच्या विषयालाही बोलवायची पद्धत होती. ती आली. भांडण अर्धंच राहिलं होतं.

पडद्यावर ती पडली आणि बाईंनी फिल्म थांबवली. "वा! चित्र तसूभर हललं नाही. याला म्हणतात संयम! इथेच संपव. जागा पक्की."

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या?" ती ताडकन उठली. "इथे माणूस पडतोय, आणि तुम्हाला संयमाचं कौतुक? लाज कशी वाटत नाही?"

तिपाईने नुसतं गप्प बसायचं होतं. तो म्हणाला, "बाई, कॅमेरा स्टँडवर होता. मी त्याच्यामागे नव्हतोच. पुढचं... चालू द्या."

पुढे तिपाई धावत चित्रात आला, त्याने बोलणी खाल्ली, ती आत गेली. मग तो रिकाम्या शिडीला म्हणाला, "गाढवा, बघतच बसलास? एवढी आवडते, आणि धरता येत नाही?"

अख्खा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला.

"नापास," बाई म्हणाल्या.

"नापास?" ती पुन्हा उसळली. "लपवलं असतं तर पास, खरं दाखवलं तर नापास? कसला हो हा अभ्यास?"

बाई जरा वरमल्या. "तीन महिने देते. दुसरी फिल्म कर. पण ज्याच्यावर प्रेम बसणार नाही, असा विषय निवड."

"माझे बाबा आहेत ना, दुकानात गल्ल्यावर," ती लगेच म्हणाली. "त्यांच्यावर गिऱ्हाइकाचंसुद्धा बसत नाही."

तिपाई वळला. "म्हणजे... मी दुकानात यायचं?"

"बाबांसाठी. माझ्याकडे बघायचं नाही."

"आणि बघितलं तर?"

"तर... मीही बघेन. आठवडाभर बघतच होते की — तुला दिसलं कुठे!"

बाईंनी घसा खाकरला. "पुढचं बाहेर जाऊन बघा. आणि जाताना तेवढा पंखा बंद करा, माझी मान आखडलीय."