पातेल्यावर दोनदा टकटक

आधीच सांगतो, हे खरं आहे.

जन्मभर लोकांना गंडवलं मी, कबूल. आता एकदाच खरं सांगतोय, तर एक माणूस ऐकत नाही. डोकं सणकतं नुसतं!

गेल्या ऑक्टोबरमधली पैज. आम्ही राहतो हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपला, कुंपणापलीकडे उल्हास. इमारती तपासायचं त्याचं काम. जवळच्या शहरातलं जुनं बेसबॉल स्टेडियम पाडायचं की ठेवायचं, तो रिपोर्ट त्याच्याकडे आलेला.

"सांस्कृतिक मूल्य शून्य," तो म्हणाला. "लाकडी मांडव आहे रे, रणजित. या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी सही करून टाकतो."

माझं टाळकंच फिरलं. मांडव? मधे एकही खांब न येता अख्ख्या स्टँडवर तोललेलं छप्पर आहे ते! कुरासाव बेटावरून आलेली पोरं आणि इथली शेतकऱ्यांची पोरं तिथे एका बाकावर बसून मोठी झाली.

आणि तो स्कोअरबोर्ड. आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या मागून हाताने अडकवायच्या. तीस वर्षं ते काम आमच्या गल्लीतल्या हेंककाकांनी केलं. पाटी अडकवली की बोटाने दोनदा ठोकायचे. टकटक.

पैजेच्या आदल्या हिवाळ्यात वारले ते.

"हेंककाका अजून तिथेच असतात," मी थाप ठोकली. "एकटा बसून दाखव तासभर."

"बसतो की. रविवारी चारला. पळालो तर?"

"शनिवारच्या बाजारात डोक्यावर पातेलं घालायचं आणि शेपटीला धरून कच्चा हेरिंग मासा खायचा."

"नाही पळालो, तर तू खायचा."

मी पक्का शाकाहारी. तरी टाळी दिली.

रविवारी साडेतीनलाच बोर्डाच्या मागे घुसलो. धुकं होतं. उल्हास समोर येऊन बसला. पहिल्या चौकटीत मी शून्याची पाटी अडकवली आणि तोंड दाबून हसलो.

मग...

टकटक.

मी ठोकलं नव्हतं.

बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला.

फटीतून बघितलं. उल्हास जागेवरच, फोनमध्ये डोकं.

"कोण आहे रे तिकडे?"

हुकावर पत्रा घासला... टकटक. जवळ.

परत... टकटक. अजून जवळ.

शेवटची तर माझ्या कानाशी. आणि तिथे कुणीही नव्हतं!

मी शिव्या घालत सुटलो तो थेट मैदानाच्या मधोमध.

उल्हास पोट धरून हसला. "नऊच्या नऊ शून्यं लावलीस, आणि स्वतःच फाटली तुझी?"

"मी एकच लावली!"

"हो का? ओळखतो मी तुला."

मागे वळलो. नऊ डावांच्या नऊ चौकटी. नऊ शून्यं.

त्याने रिपोर्टात लिहिलं होतं तेच, नऊ वेळा.

हा गाढव मात्र पाच वाजेपर्यंत आरामात बसला. आठवडाभर मी त्याच्याशी भांडलो. हसण्यापलीकडे काही नाही.

शनिवारी बाजारात खोक्यावर उभा राहिलो. पाठ भिंतीला. डोक्यावर पातेलं. एका हातात हेरिंग, दुसऱ्याने नाक दाबलेलं. निम्मी गल्ली जमलेली, पुढे उल्हास व्हिडिओ काढतोय.

तोंड उघडलं, आणि...

टकटक.

पातेल्यावर. मागून.

उल्हासचा फोन खाली आला.

"रणज्या... तुझे दोन्ही हात तर समोर आहेत."

"मग आठवडाभर काय बोंबलतोय मी?"

"सोमवारच्या सहीचं... परत बघतो मी," तो पुटपुटला.

लोक ओरडत होते, खा, खा! मागे बघायची माझी छाती झाली नाही. पैज ती पैज. डोळे मिटले आणि अख्खा मासा गिळला.