आतून लागलेली कडी

ही हकिकत खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे मला. मीही अशा गोष्टी वाचून हसलो आहे. आयुष्यभर पुस्तकांत डोकं खुपसून बसलेला माणूस मी. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवा, असं सांगायलाही मला संकोच वाटतो. तरी सांगतो.

रविवार होता. भर दुपार. दिवे गेले नव्हते, पाऊस नव्हता. लख्ख ऊन होतं.

लेक-जावयानं जुनं घर घेतलं होतं. डागडुजी सगळी आपल्याच हातानं करायची, हा जावयाचा हट्ट. आठवडाभर ऑफिसात खुर्ची, आणि सुट्टीला हातात घण. मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकायचा. लेक त्याला 'मिस्त्री' म्हणायची.

"काय मिस्त्री, भिंत वाकडी की हात वाकडा?"

"भिंतच. नाचता येईना..."

"...अंगण वाकडं! बरं झालं, स्वतःच कबूल केलंस."

मीही माझं घर सोडून तिथं राहायला जाणार होतो; मागची लहान खोली माझ्या पुस्तकांसाठी ठरली होती. मला उगीच अडचण केल्यासारखं वाटायचं. एखादा कोपराही चालला असता मला.

त्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून होती. आतून काहीच नाही.

"बाहेरून कडी कशाला?" लेक म्हणाली. "बाबांना कोंडून घालायचंय का?"

"दार फिरवून बसवतो," जावई म्हणाला. "बाहेरची बाजू आत. बाबा कडी लावून निवांत वाचत बसतील."

माझ्या सोयीसाठीच केलं त्यांनी ते.

दार उतरवलं. जी बाजू खोलीच्या आत असायची, तिचा रंग खरवडला आणि खाली खड्डे दिसले...

छातीच्या उंचीवर. खोल. आत अडकलेल्या कुणीतरी काहीतरी जड आपटत राहावं, तसे.

"कपाट हलवताना लागलं असेल," जावई म्हणाला.

"कपाट एकाच जागी इतक्या वेळा कसं लागेल?" मी चाचरत विचारलं.

"बाबा, रहस्यकथा जरा कमी वाचा!" लेक हसली.

मीही हसलो. सुतारकामातलं मला काय कळतं? त्यांनी खड्ड्यांत पुट्टी भरली, घासली, वरून रंग मारला. दार फिरवून बसवलं. कडी आत आली. खड्ड्यांची बाजू बाहेर.

त्या दुपारी लेक त्या खोलीत खिडकीचे गज रंगवत होती. पुढच्या खोलीत जावई घणानं जुनी फरशी फोडत होता. मी मधल्या बोळात पुस्तकं पुसत बसलो होतो.

दार हळूच लोटलं गेलं...

वारा नव्हता.

मग... खट्.

"कडी कशाला लावलीस गं?"

"मी कुठं लावली?" तिचा आवाज खिडकीजवळून आला. आणि लगेच, हसत, "अरे मिस्त्री! तू कधी आलास आत?"

पुढच्या खोलीत घणाचे ठोके चालूच होते.

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

आतून आवाज आला. ओलं पोतं भिंतीवर आपटावं, तसा. मग पुन्हा. आणि मग तिची किंकाळी.

"बाबा! हा मारतोय मला!"

जावई घण घेऊन धावत आला. "कोण आहे आत? दार उघड!" दार हलेना. त्यानं घण घालायला सुरुवात केली. मी मागच्या अंगणातून खिडकीकडे पळालो.

गजांतून पाहिलं...

लेक जमिनीवर पडली होती. उजवा हात कोपरात उलटा वळला होता. डबा लवंडून पांढरा रंग पसरला होता, आणि त्यात लाल मिसळत होतं. कुणीतरी तिच्या केसांत मूठ घालून तिचं तोंड फरशीवर आपटत होतं. एकदा. पुन्हा. पुन्हा.

त्याची पाठ माझ्याकडे होती. निळा बनियन. डोक्याला रुमाल. मानेवर चुन्याचे शिंतोडे.

जावई.

दार फुटलं आणि हा आत आला, असं वाटलं मला. याचं डोकं फिरलंय.

मग मी दाराकडे पाहिलं...

दार बंद होतं. कडी लागलेली. बाहेरच्या घावांनी ते हादरत होतं. बाहेर जावई ओरडत होता, "धीर धर! आलो!"

आणि आत जावयानं घण डोक्यावर उचलला.

मी जन्मात कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी मी गुरासारखा ओरडलो. गजांतून हात आत घातले. "सोड तिला!"

तो थांबला. त्याची मान हळूहळू माझ्याकडे वळू लागली...

दाराची फळी फुटली. डोळ्याची पापणी लवते न लवते, तोच तिथं कुणी नव्हतं.

घाव मात्र पडला. लेकीच्या कानाशेजारची फरशी आपोआप फुटली.

भगदाडातून हात घालून जावयानं कडी काढली आणि तो आत धावला. हातात घण तसाच. लेकीनं त्याला पाहिलं, आणि मोडका हात फरफटवत ती कोपऱ्यात सरकली.

"नको... नको मारूस!"

दाराची पुट्टी गळून पडली होती. जावयाचे सगळे घाव जुन्या खड्ड्यांवरच बसले होते. तसूभरही इकडेतिकडे नाहीत.

दवाखान्यात पोलीस आले. लेकीचा जबडा तारेनं बांधलेला. त्यांनी विचारलं, कुणी मारलं? तिनं बोटानं नवरा दाखवला.

त्याची सुटका माझ्या शब्दावर अडली होती. माझ्या!

"आजोबा, एकच माणूस आत आणि बाहेर कसा असेल? चष्मा होता ना डोळ्यांवर?"

"होता. आतला मी पाहिला. बाहेरचा ऐकला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

मी हातापाया पडलो, म्हणून लेकीनं तक्रार केली नाही. पण ती त्याच्याकडे परतली नाही. माझ्याकडे राहायला आली. घरातल्या आतल्या दारांच्या कड्या मी स्वतः काढून टाकल्या. तिच्या खोलीत माझी पुस्तकंही होती.

जावई दर रविवारी यायचा. ती भेटायची नाही.

"तुम्ही पाठ पाहिलीत, बाबा," ती म्हणायची. "मी चेहरा पाहिलाय."

मला रात्र रात्र वाटायचं, आपलीच चूक झाली असेल. म्हातारे डोळे.

गेल्या रविवारी तो आला. खूप वाळला होता. मी मनाचा हिय्या केला आणि तिच्या खोलीचं दार ढकललं. ती खाटेवर बसली होती. जावई उंबऱ्यातच थांबला. दोन्ही हात पुढे केले. रिकामे.

"बघ. मी इथं आहे. तेव्हाही बाहेरच होतो गं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच घाबरली नाही.

मग तिची नजर हळूहळू सरकली... उघड्या दाराच्या मागे. मला न दिसणाऱ्या बाजूला.

"मग हा कोण?"

जावयानं आत झेप घेतली आणि तिला ओढून बाहेर आणलं. आमच्या मागे दार लोटलं गेलं.

खट्.

त्या दाराला कडी नाही.

ती त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर गेली. त्याचा हात घट्ट धरून. मलाही चला म्हणाले. मी म्हटलं, येईन. सामान आवरतो.

माझी पुस्तकं अजून त्या खोलीत आहेत.

मी दार ढकलून पाहिलेलं नाही.