तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याच्या हातात अंगठी देऊन माझं नवं नाव लिहून घेतलं. वसुधा. ते ह्यांच्या पहिल्या बायकोचं नाव होतं. ती बिचारी तापाने गेली होती. "काशिनाथची जीभ वळलीय त्या नावावर," सासूबाई म्हणाल्या, "उगाच सवय कशाला मोडायची?" माझं नाव अपर्णा. ते कोणाच्या जिभेला जड जात होतं, देव जाणे. राग तेव्हाच गिळला, पण तो आजतागायत पचलेला नाही.

भोपाळच्या आनंद नगरात आमचं घर. हे कारखान्यातून निवृत्त झाले, मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून. भुतंखेतं मी मानत नाही. वीज गेली की दिवा लावून हात जोडण्याआधी फ्यूज बघणारी बाई मी. निवृत्तीनंतर पहिलं काम केलं ते नाव परत घेण्याचं. वकील, प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, सगळं रीतसर.

"या वयात हे काय खूळ?" हे म्हणाले. "कागदावर हवं ते लाव. घरात मी वसुधाच म्हणणार."

"म्हणा. मी ओ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी खुर्चीतून हाक मारली, "वसुधा, चहा!" मी समोरच पेपर वाचत बसले होते. परत हाक आली. मी पान उलटलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कोणीतरी ओ दिली.

शेजारचा टीव्ही असणार, मी म्हटलं, आणि मागे कपडे वाळत घालायला गेले. परतले तर घरभर आल्याचा वास, आणि हे बशीत चहा ओतून पीत होते. मला पित्त होतं, मी चहात आलं घालत नाही. "किती वर्षांनी असा चहा मिळाला," हे म्हणाले. स्वतःच केला असेल आणि वर मला खिजवताहेत, असं मी ठरवलं. ओट्यावर पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. ह्यांनी जन्मात कधी पातेलं घासलेलं नाही.

मग रोजच तसं व्हायला लागलं. ह्यांची हाक, आतून ओ. मी आत जाऊन बघायची, तर कोणी नाही आणि शेगडी गरम. तरी मी हट्ट सोडला नाही. कपाटातल्या माझ्या साड्या एका कोपऱ्यात सरकल्या, तेव्हाही नाही.

एक दिवस दारात भाजीवाला आला. वर्षानुवर्षं मी त्याच्याशी घासाघीस करत आलेय. कोथिंबीर मागितली तर म्हणाला, "धनिया तो वसुधा भाभी अभी ले गईं. आप उनके यहाँ मेहमान हैं?"

मी घाबरले, अगदी साफ घाबरले.

धावत आत आले. हे खुर्चीत होते. आत फोडणी तडतडली.

"वसुधा!" ह्यांनी हाक मारली.

गेलं खड्ड्यात ते नाव. घर माझं होतं.

"ओ!" मी ओरडले. "आले, आले!"

हे दचकून उठले. लगबगीने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तुम्हाला नाही हो, अपर्णाताई," हे अदबीने म्हणाले. "बसा ना. ही पाणी आणतेय."