टाकीतल्या पाण्याचं फॅट

शांभवीनं कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि मेलेला मासा बाहेर काढला. हात तुपकट होऊनच वर आला. वास असा, की तिच्या दोस्तानं, सम्राटनं, दाराकडं धूम ठोकली. मल्लेश मात्र नाक दाबून तिथंच उभा राहिला, कारण तो पडला शांभवीचा धाकटा भाऊ, जाणार कुठं? सात माशांतला हा पाचवा, तोही चार दिवसांत.

"शी! काहीतरी नासलंय ह्यात," मल्लेश म्हणाला.

कसबा बावड्यातल्या एका दूध संस्थेच्या ऑफिसात ही काचेची टाकी होती. चेअरमन गणपतरावांनी ती हौसेनं आणली खरी, पण वरचं दिव्यांचं झाकण एवढं जड, की उचलायला दोन माणसं लागायची. आणि ती दोन माणसं कधी एका वेळी मोकळी नसायची! त्यामुळं काचेवर शेवाळ, तळाला गाळ. मोठ्या माणसांच्या नाकाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत या तिघांना ते बघवेना. सम्राटच्या मामाचं गॅरेज होतं. तिथल्या भंगारातून त्यांनी गाडीची काच वर-खाली करणारी मोटार आणली, छताला दोन कप्प्या ठोकल्या आणि त्यांतून सायकलच्या ब्रेकची तार ओवली. लाल बटण दाबलं की दिवे झाकणासकट हातभर वर, हिरवं दाबलं की खाली. तिघांनी टाकी घासली, पाणी बदललं. दूध तपासणाऱ्या आकारामकाकांना तर ती बटणं एवढी आवडली, की त्यांनी टाकीला लागूनच असलेल्या आपल्या खुर्चीवरून दहा वेळा दिवे वर-खाली केले.

आणि मग मासे मरायला लागले. पाण्यावर तेलकट तवंग दिसू लागला. आज सकाळी सगळे सभासद दूध घालायला आलेले असताना गणपतरावांनी निकाल देऊन टाकला. मोटारीचं ग्रीस गळतंय, ह्या पोरीनं मासे मारले, उद्या सकाळी हे सगळं खोलायचं. शांभवीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मासे मारणारी पोरगी! हे नाव एकदा चिकटलं की बावड्यात जन्मभर सुटायचं नाही.

ग्रीसची शंका तिलाही आली होती, म्हणून तिनं काल रात्रभर मोटारीखाली पांढरं फडकं बांधून ठेवलं होतं. ते आता सोडून बघितलं. कोरडं ठणठणीत! शिवाय ग्रीस काळं असतं, हा तवंग पिवळसर होता. तिनं मन घट्ट करून बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा निघाला. घरी दुधाची किटली धुवायची राहिली की अस्साच यायचा.

संध्याकाळी तिघं बाहेर खिडकीखाली दबा धरून बसले. आत आकारामकाका प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशीनमध्ये घालून फॅट बघत होते. उरलेला नमुना एका मगात जात होता. तो मग मागच्या मोरीत ओतायचा, असा संस्थेचा नियम. शेवटचा सभासद गेला. काकांनी इकडंतिकडं बघितलं, बसल्या जागी लाल बटण दाबलं आणि हातातला मग टाकीत उपडा केला! वर बोटानं तो निपटला, बोट त्याच पाण्यात खळबळून धुतलं आणि विजारीला पुसलं. मल्लेशला ओकारीच आली.

सम्राट म्हणाला, आत्ताच्या आत्ता जाऊन धरू. शांभवीनं त्याचा सदरा ओढून खाली बसवलं. पोरांचं कोण ऐकणार? काका सरळ नाही म्हणतील. ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच तिनं टाकीतला वरचा तवंग वाटीनं हळूहळू किटलीत काढला आणि आजोबांच्या, भरमाप्पांच्या, सभासद नंबरावर रांगेत उभी राहिली. गणपतराव पान्हा घेऊन टाकीपाशी तयारच होते. तिची पाळी आली. काकांनी नमुना घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"नासलंय की गं हे! आन् पाणी किती घातलंय?"

"पण दूध हाय न्हवं ते, काका?" शांभवीनं मोठ्यानं विचारलं.

"हाय की. फॅट दाखवतंय न्हवं? मशीन खोटं बोलतंय व्हय?"

"चेअरमनकाका, हे टाकीतलं पाणी हाय," शांभवी म्हणाली. "मोटारीच्या ग्रीसचं दूध कसं झालं, ते ह्यांनाच विचारा."

आकारामकाकांची मान खाली गेली. मोरी लांब पडते, असं काहीसं ते पुटपुटले. तेव्हा सभासद असलेल्या बनाबाईंनी रांगेतूनच सुनावलं, की मोरी वीस पावलांवर आहे आणि काकांना अजून पाय आहेत.

गणपतरावांनी पान्हा टेबलावर ठेवला.

"पोरी, माझं चुकलं," ते म्हणाले. "चार माणसांत बोललो, चार माणसांतच मागं घेतो. ह्या तिघांनी जे केलं, ते आम्हा मोठ्यांना जमलं न्हाय. मोटार हितंच ऱ्हाईल."

बनाबाईंनी तिघांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. उरलेले दोन मासे स्वच्छ पाण्याच्या बादलीत गेले. शांभवीनं लाल बटण दाबून दिवे वर नेले. आकारामकाकांनी बाही सरसावून खांद्यापर्यंत हात त्या घाणीत घातले, तोंड फिरवून, नाक मुरडून. काच घासली, तळ घासला, पाणी उपसलं. तासाभरानं घाम पुसत त्यांनी विचारलं, की आता झालं का?

शांभवी वाकली आणि तिनं टाकीत नाक घातलं.

"अजून वास यायलाय, काका. परत घासा."