वाहत्या पाण्यातली चार बोटं

सोमवारी बंदर समितीची बैठक होती आणि त्याआधी समुद्राच्या तळाशी, बावीस मीटरवर अडकवलेलं एक यंत्र आम्हाला वर आणायचं होतं. कामाचं स्वरूप एवढंच. ऐकायला किती सोपं!

यंत्र म्हणजे मुठीएवढा पिवळा डबा. मावशीने गेल्या वर्षी तो प्रवाळाच्या भिंतीवर, बाहेरच्या कोपऱ्यावर बसवला होता. आदल्या उन्हाळ्यात पाणी तापून सगळी भिंत पांढरीफटक पडली होती, आणि बंदरवाल्यांनी ठरवूनच टाकलं की प्रवाळ मेलं, आता मोठ्या जहाजांचे नांगर तिथे टाकायला हरकत नाही. मावशीचं म्हणणं वेगळं. त्या कोपऱ्यावर खोलातलं गार पाणी वर येतं, म्हणून भिंत तग धरणार. वर्षभराचं तापमान त्या डब्यात साठलं होतं. ते हाती आलं नाही, तर सोमवारी नांगर टाकायची परवानगी मिळाली असती.

मी पोहायला शिकवते. तलावात माझ्यापुढे कुणाची टाप नाही, हे मी होडीत चढल्या चढल्या दोनदा सांगितलं.

"पोहायला कोण सांगतंय?" मावशी पायांत रबरी कल्ले, म्हणजे फिन्स, चढवत म्हणाली. "इथे पोहायचं नसतं बाई, वाहायचं असतं. प्रवाह नेईल तिकडे जायचं. डबा समोर आला की धरायचा. हुकला की हुकला."

होडी काका चालवत होते. मावशीचं लग्न आधी समुद्राशी झालं आणि मग आपल्याशी, अशी त्यांची जुनीच तक्रार. त्यांनी लाल फुगा पाण्यात सोडला आणि त्याच्या दोरीचं रीळ माझ्या पट्ट्याला अडकवलं.

"हा फुगा तुमच्या डोक्यावर चालत राहणार आणि मी फुग्यामागे," काका म्हणाले. "रीळ हातात ठेव. कशालाही बांधू नकोस. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. अशा उत्साहाने म्हटलं की मावशीने माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

एक, दोन, तीन! पाठीवरच्या हवेच्या टाक्यांसकट आम्ही पाठमोऱ्या पाण्यात पडलो आणि थेट खाली सुटलो.

काय होतं ते खाली! मेलेली म्हणून ज्या भिंतीची नोंद झाली होती, ती जांभळी, हळदी, शेवाळी अशी शेकडो रंगांत उभी होती. हजारो मासे एकाच दिशेला तोंड करून, शेपट्या हलवत जागच्या जागी थांबले होते. प्रवाह कुठून येतो ते त्यांच्याकडे पाहून समजायचं, असं मावशीने सांगितलं होतं. आम्ही हात-पाय न हलवता त्या भिंतीवरून सरकत होतो आणि एवढं मोठं कासव शेजारून गेलं तरी त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मध्येच गार पाण्याचा झोत अंगावर आला. दात वाजले! मावशीने मागे वळून अंगठा नि तर्जनी जुळवली. तिचं गार पाणी ते हेच. मला तिचा भारी अभिमान वाटला.

मग कोपरा आला आणि प्रवाह पिसाळला.

मावशी माझ्या पुढे, जरा खाली होती. पिवळा डबा तिच्या नजरेतून सुटला, माझ्या नाही. समोर आला. आला! मी हात टाकला, एक फांदी सापडली, निसटली, दुसऱ्या हाताने खडकाचा कंगोरा पकडला. अंग झेंड्यासारखं फडफडायला लागलं. एका हाताने लटकून दुसऱ्याने डबा कसा सोडवणार? माझी अक्कल इथेच गहाण पडली. मी रिळावरची दोरी ओढली आणि तिचे दोन वेढे कंगोऱ्याला टाकून गाठ मारली. रीळ पट्ट्याला अडकवलेलं होतंच. दोन्ही हात मोकळे!

फुगा चालायचा थांबला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. वाहत्या पाण्याने दोरी ताणली, फुगा खाली ओढला गेला, त्यातली हवा सांडली आणि तो रिकाम्या पिशवीसारखा खडकात जाऊन बसला. वर काकांच्या डोळ्यांदेखत आम्ही दोघी समुद्रावरून पुसल्या गेलो.

दोरी माझ्या कमरेला काचत होती. मी डबा ओढत होते. निघेना! हवेचा काटा पाहिला. लाल!

आणि मावशी आली. प्रवाहाच्या विरुद्ध! तळाशी, जिथे पाण्याचा जोर कमी असतो तिथे पोट टेकवून, उघड्या खडकाला बोटं रोवत ती वीतभर-वीतभर पुढे सरकत होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई! तिने आधी आपल्या टाकीची जादा नळी माझ्या तोंडात खुपसली. मग डब्याकडे पाहिलं.

डब्याभोवती प्रवाळाच्या कोवळ्या फांद्यांनी विळखा घातला होता. तोडल्याशिवाय तो सुटणार नव्हता. मी सुरी काढली. तिने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही.

मग तिने फांदीशेजारी चार बोटं धरली, कॅमेऱ्याचं बटण दाबलं, एकदा, दोनदा. माझी सुरी घेतली, दोरी कापली आणि प्रवाहाने आम्हा दोघींना भिंतीवरून भिरकावून दिलं.

खोलातून एकदम वर येऊ नये म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. खाली काहीच दिसत नव्हतं, सगळीकडे नुसता निळा रंग. वर आलो तर लाटाच लाटा. होडी नाही. मावशीने कनवटीची केशरी नळकांडी फुगवून, दुरून दिसावी म्हणून उभी केली.

"मावशी, माझ्यामुळे..."

"गप्प. दम वाचव. आपला माणूस येईल."

"त्यांना कळणार कसं आपण कुठे आहोत?"

"त्याला काय माहीत नाही ते सांग."

वीस मिनिटं गेली. मला रडू येत होतं आणि मी रडलेही, समुद्रात कोणाला कळतंय म्हणून. मग इंजिनाची घरघर आली. होडी समोरून, प्रवाह कापत येत होती!

फुगा बुडताच काकांनी शोधाशोध केलीच नव्हती. रिकामा डिझेलचा डबा अर्धा पाण्याने भरला, म्हणजे त्याला वारा लागणार नाही, आणि फुगा बुडाला त्याच जागी सोडून दिला. डबा जाईल तिकडे होडी; वाट कळली तसे ते त्याच वाटेने उलटे फिरले.

"डबा पुढे, तुम्ही मागून," मला वर ओढत ते म्हणाले. "पाणी एकच आहे ना? म्हटलं, याच वाटेने येणार." मावशीने त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

सोमवारी बैठकीच्या खोलीत मी मावशीशेजारी बसले होते. पंखा गरगरत होता, चहा निवला होता. बंदराच्या मुख्य अधिकाऱ्यांनी तिच्यासमोरचा फोटो उचलला.

"मॅडम, तुम्ही वर्षभराचे आकडे आणणार होतात."

"आकडे त्या डब्यात आहेत. मागच्या वर्षी याच महिन्यात बसवला, तुमच्याच कार्यालयाची परवानगी आहे. तेव्हा या फोटोतल्या फांद्या नव्हत्या. माझी चार बोटं पाहा, वर्षभरात तेवढ्या वाढल्यात."

अधिकारी फोटो जवळ घेऊन पाहत राहिले.

"डबा काढायचा तर त्या तोडाव्या लागतील," मावशी म्हणाली. "तोडू का?"

अधिकाऱ्यांनी नकाशा पुढे ओढला, पेन्सिल शोधली आणि नांगराची खूण स्वतःच्या हाताने खोडली.