रौनकने वाचलेला शेवटचा धडा

ही ऐकीव गोष्ट नाही. औसने स्वतः मला सांगितली, आणि औस थापा मारणाऱ्यातला नाही.

बसरा शहर. जून महिना. रात्र नव्हती, टळटळीत दुपार होती. म्हणूनच विश्वास ठेवणं जड जातं.

औस जन्मांध. कायद्याच्या कॉलेजात शिकत होता. तिथले उस्ताद, म्हणजे प्राध्यापक, धड्याच्या पानांचे फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचे. औसच्या बोलणाऱ्या फोनला ते फोटो वाचता येत नसत. मग त्याचा मित्र कुतैबा झेरॉक्स आणून द्यायचा, आणि मोठी बहीण रौनक ती पानं वाचून औसच्या फोनवर रेकॉर्ड करायची.

रौनकचं हृदय लहानपणापासून दुबळं. दोन ओळी झाल्या की धाप लागायची.

"वकील तू होणार, आणि दम माझा निघणार," ती म्हणायची.

"फी देईन की तुला."

"आधी पास तर हो, गाढवा."

वसंतात ती गेली.

औसने कॉलेज सोडलं. जुनी रेकॉर्डिंगही त्याला ऐकवेनात. प्रत्येक ओळीत तिची धाप होती.

तिच्या जाण्याचा चाळिसावा दिवस झाला, आणि कुतैबा आला.

"परीक्षा तोंडावर आलीय. तू घरात कुजत बसलास म्हणून ती परत येणार आहे का?"

औसने तोंड फिरवलं.

"वारसाहक्काचा शेवटचा धडा कालच मिळाला. पाकिटात आहे. उद्या येऊन मीच वाचतो. माझा आवाज सहन कर म्हणजे झालं."

चिकटपट्टी लावलेलं ते पाकीट त्याने रौनकच्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं. औसचा फोनही तिथेच चार्जिंगला होता.

दुपारी औस बाहेरच्या खोलीत आडवा झाला. वीज गेली. पंखा थांबला. गल्लीतला जनरेटर अजून सुरू व्हायचा होता.

सगळं चिडीचूप.

आणि मग... आतून पान उलटल्याचा आवाज आला.

वारा असेल. पण जूनमध्ये, बंद खिडकीत, वारा कुठला?

पुन्हा... एक पान.

जनरेटर धडधडला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. उठायची त्याची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी त्याने फोन हातात घेतला. फोन बोलला, "नवीन रेकॉर्डिंग."

औसने लावलं.

"धडा शेवटचा. वारसाहक्क..."

रौनकचा आवाज.

ती वाचत होती. सलग, शांत. औस धाप लागायची वाट बघत राहिला...

धाप लागलीच नाही. ती श्वासच घेत नव्हती.

मध्येच म्हणाली, "इथे दोन ओळी पुसट आल्यात. उस्तादांना विचार."

शेवटी दारावर टकटक झाली. आईचा आवाज आला, "रौनक, चहा ठेवलाय गं."

रेकॉर्डिंग संपलं.

दुसऱ्या दिवशी कुतैबा आला तेव्हा औसने त्याला सगळं सांगितलं. कुतैबाने पाकीट उचललं. चिकटपट्टी जशीच्या तशी. त्याने फोडलं, पानं चाळली, आणि एका पानावर थांबला.

"औस... दोन ओळी पुसट आहेत रे."

औस स्वयंपाकघरात गेला. "आई, काल दुपारी तू तिच्या दाराशी गेली होतीस?"

भांड्यांचा आवाज थांबला.

"वाचताना ऐकू आली मला," आई हळूच म्हणाली. "वाटलं, घसा सुकला असेल पोरीचा. तुला सांगणार होते... पण तू म्हणाला असतास, आईला वेड लागलं."

"दार उघडलंस?"

"नाही. उघडलं असतं तर ती गेली असती."

औस परीक्षेला बसला. पास झाला. आता वकिली करतो. ते रेकॉर्डिंग त्याने पुन्हा कधी लावलं नाही, आणि पुसलंही नाही.

आई अजून रोज दुपारी त्या दाराशी चहा ठेवते. पेल्यात चमचा किणकिणतो, पावलं परत जातात.

थोड्या वेळाने ती पेला उचलून आणते. तेव्हा तो भरलेला असतो की रिकामा, हे औसने तिला कधी विचारलेलं नाही.