थांबाभाऊंची सही

दुपारी एक पस्तीसला विमान आपल्या जागेवर येऊन उभं राहिलं, आणि मिनिटभरात त्याच्या उजव्या इंजिनाने थांबाभाऊंना आत ओढून घेतलं. जे उरलं ते गोळा करायला दोन तास लागले.

सुरक्षा अधिकारी बाई आल्या तेव्हा ते काम चालूच होतं. त्यांनी आधी माणसाची चौकशी केली. बावीस वर्षं हा गृहस्थ विमानाच्या चाकांना ठोकळे लावत होता. विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे इंजिन चालू. तो विझायच्या आत कुणी पाऊल पुढे टाकलं की हा ओरडायचा, "थांबा!" त्यावरून नाव पडलं. माणूस खोटं बोलेल, दिवा बोलणार नाही, असं तो नव्या लोकांना बजावायचा.

आणि तोच चालू इंजिनासमोर गेला होता.

अर्धं कोडं वैमानिकाने सोडवलं. वाटेत तो दिवाच बंद पडला होता आणि त्याने उतरण्याआधी तसं कळवलं होतं. सहवैमानिकाने सांगितलं, की डावं इंजिन बंद केलं, उजवं मात्र जमिनीवरची वीज जोडेपर्यंत चालू ठेवायचं होतं. त्याने मान वर केली तर हा माणूस ठोकळे घेऊन येत होता. समोर वैमानिकाला बॅटांनी जागा दाखवणारा बॅटवाला उभा होता, दोन्ही बॅटा काखेत. पुढच्या क्षणी विमान हादरलं.

शिफ्ट इन्चार्जने घाम पुसत कागद पुढे केला. एक दहाला निरोप आल्याबरोबर त्याने लिहिलं होतं: दिवा बंद आहे, बॅटवाल्याची खूण मिळाल्याशिवाय कुणी जवळ जाऊ नये. सह्या घेऊन ये म्हणून कागद बॅटवाल्याकडे दिला. एक वीसला परत आला, तसा त्याचा फोटो काढून नियंत्रण कक्षाला पाठवला. खाली तीन सह्या होत्या. शेवटची थांबाभाऊंची, छान वळणदार.

बॅटवाला हा थांबाभाऊंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचे डोळे कोरडे होते.

"कागद त्यांना दाखवलात?"

"दाखवला. वाचून सही केली त्यांनी."

"मग पुढे का गेले?"

"वय झालं होतं. विसरले असतील. मी बॅटांची फुली करून थांबायची खूण केली, ओरडलो. त्यांच्या कानांवर टोप्या, शेजारी दुसरं विमान गुरगुरतंय. काय ऐकू येणार?"

बाई थांबाभाऊंच्या घरी गेल्या. बायको भिंतीला टेकून बसली होती. परवा दारात सापडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली होती, सकाळी शर्टाची बटणंसुद्धा मीच लावून दिली, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आतल्या दाराशी बहीण उभी होती. तीन आठवड्यांपासून ती भावाकडेच राहत होती. तिच्या गालावरचा काळानिळा डाग आता पिवळा पडत चालला होता.

बाई परतल्या आणि त्यांनी हातमोजे देण्याचं रजिस्टर मागवलं. त्यात सकाळी सातची थांबाभाऊंची सही होती. शाईत पाय बुडवून मुंगी चालावी तशी.

संध्याकाळी त्यांनी इन्चार्ज आणि बॅटवाला दोघांना समोर बसवलं. दाराशी पोलीस होता.

"कागदावरची सही खोटी आहे," बाई म्हणाल्या. "चेचलेल्या बोटांनी अशी सही होत नाही. ती अपघातानंतर केलेली असती तर मी इन्चार्जना धरलं असतं. आपली चूक झाकायला माणूस तसं करतो. पण फोटो एक वीसचा आहे. तेव्हा झाकण्यासारखं काही घडलंच नव्हतं. " त्या बॅटवाल्याकडे वळल्या. "आणि तोवर कागद तुमच्या हातात होता."

बॅटवाला म्हणाला, ते लांब होते, ऊन मी म्हणत होतं, म्हणून सही ठोकून दिली. सांगायचं राहून गेलं.

"राहून गेलं असं धरू. पण ते निघाले तेव्हा इंजिनाचं पातं फिरताना तुम्हाला समोर दिसत होतं. फुली तुम्ही केलीच नाही. बॅटा काखेत होत्या. त्यांचा भरवसा फक्त दिव्यावर होता, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

तो म्हणाला, "मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. माझी बायको घरात घालून बसला होता. उद्या तिला घेऊन पोलिसांत जाणार होता. जन्मभर दुसऱ्यांना थांबवत आला. त्याला मी कशाला थांबवू?"

पोलीस त्याला घेऊन गेला.

बाई पुन्हा त्या घरी गेल्या आणि दोघींना सगळं सांगितलं. बहीण खाली बसली. सव्वा वाजता नवऱ्याचा फोन आला होता, ती म्हणाली. आत्ता परत येतेस की नाही ते सांग, नाहीतर संध्याकाळी तुला ठेवून घेणारा कुणी उरणार नाही, असं म्हणाला.

"मग?"

"मी नाही म्हटलं. नेहमीचीच धमकी वाटली. दादाच्या ऑफिसात कळवावं असं आलं होतं मनात. पण कामाच्या वेळी फोन केलेला त्याला खपत नाही."

थांबाभाऊंची बायको आत गेली, नणंदेची पिशवी भरून घेऊन आली आणि तिच्यासमोर ठेवून दार उघडून उभी राहिली.